खोली रिकामी

हडपसर,
शनिवार, २१ फेब्रुवारी. दुपारचे अडीच.

नाही दादा, फोन तू ठेवलास. मी नुसतं "ऐक ना" म्हणाले आणि तिकडून आवाज बंद. वर आईला मेसेज, की तनूने फोन कट केला. तेवढं आधी दुरुस्त करून घे आणि मग पुढे वाच.

तर, नमस्कार. तिकडे हैदराबादला तू, वहिनी, सोनू सगळे ठीक असाल असं धरून चालते. आम्हीही ठीक. म्हणजे जसे असतो तसे.

मी कागदावर लिहितेय याचं तुला हसू येईल. पण व्हॉट्सॲपवर माझं एक वाक्य टाइप होईपर्यंत तुझी तीन उत्तरं येतात, आणि तिन्ही मी न विचारलेल्या प्रश्नांची असतात. कागदाला मध्येच तोडता येत नाही. उद्या सकाळी तू आलास की बॅग खाली ठेवायच्या आधी अप्पांची निळी फाइल मागशील, हे मला माहितीये. तिच्यात पहिल्याच कप्प्यात हे सापडेल.

आधी अप्पांचं सांगते. उजवा पाय बराच सुधारलाय. फिजिओवाला चेतन रोज दहाला येतो आणि वॉकर धरून त्यांना बेडरूमपासून बाल्कनीपर्यंत नेतो, परत आणतो. उजवा हात तसाच. बोलणं तसंच. स्पीचवाल्या मॅडम म्हणतात की त्यांना कळतं सगळं, फक्त शब्द बाहेर येत नाही. परवा चहात साखर कमी आहे एवढं त्यांना सांगायचं होतं, त्यात दहा मिनिटं गेली. आधी आम्ही पंखा लावला. मग बंद केला. मग चादर दिली. मग आईने अंगारा आणून लावला. शेवटी त्यांनी डाव्या हाताने साखरेच्या डब्याकडे बोट केलं आणि कप उलटा केला. आई हसली. मी लादी पुसली.

आई बरी आहे. म्हणजे कामात आहे. मेडिकलचं दुकान सोडलं तर पाच महिन्यांत ती सोसायटीच्या गेटबाहेर गेलेली नाही. भाजी ॲपवरून मागवते आणि मेथी बघून रोज त्या ॲपला शिव्या घालते. मी एकदा म्हणाले, चल, मंडईत जाऊन येऊ, तू निवडून घे. तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

मी दमलेय दादा. तक्रार नाही, नुसती बातमी देतेय. बाकीच्या बातम्यांमध्ये हीसुद्धा टाकून ठेव.

आता भांडणाचं.

तू म्हणालास, "अप्पांचं निमित्त करू नकोस तनू. तुला तिकडे जायची भीती वाटते, एवढंच आहे." नेदरलँड्सच्या लॅबमधली जागा. चार वर्षं, पीएचडी, माझ्याच विषयात, आणि जगात या विषयाच्या अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सोमवारपर्यंत हो कळवायचंय. मी नाही म्हणणार आहे असं सांगितल्यावर तू कारण विचारलंस आणि मी म्हणाले, अप्पा. तू चिडलास. ठीक आहे, मी तुझ्या जागी असते तर मीही चिडले असते. तू सहा महिने वर्क फ्रॉम होम घेऊन इथे राहायची तयारी केलीयेस, वहिनीशी त्यावरून बोलाचाली झाली तेही मला माहितीये. आणि मी इथे बसून "अप्पा" म्हणते.

अप्पा हे कारण नाहीत. म्हणजे आहेत. पण तू समजतोस तसे नाहीत.

इथे मी दोन ओळी खोडल्यात. उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस, त्यात काही नव्हतं. स्वतःची कीव होती नुसती.

मी नेमकं काय करते ते तुला कधी नीट सांगितलेलं नाही. तू लोकांना "बहीण एआयमध्ये आहे" असं सांगतोस आणि विषय मिटतो. आज सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

साधा कॅमेरा सेकंदाला तीसेक फोटो काढत राहतो, समोर काही घडो न घडो. आमचा इव्हेंट कॅमेरा फोटो काढतच नाही. त्याचा प्रत्येक ठिपका एकटा बसलेला असतो आणि त्याच्यासमोरचा उजेड बदलला तरच बोलतो. वाढला तर पडद्यावर लाल, कमी झाला तर निळा. काहीच हललं नाही तर सगळा पडदा काळा. त्याच्यामागचं नेटवर्कही मेंदूच्या धर्तीवर बांधलेलं: एकेक न्यूरॉन गप्प बसून ठिपके साठवतो, पुरेसे साठले की एकदा इशारा देतो, नाही साठले तर होते तेही हळूहळू गळून जातात. वीज जवळजवळ लागतच नाही. वासंती मॅडम, म्हणजे माझ्या गाइड, त्यांचं स्वप्न असं, की हे घराघरांत लावायचं, जिथे वयस्कर माणसं दिवसभर एकटी असतात तिथे. चेहरा दिसत नाही, कपडे दिसत नाहीत, नुसती ठिपक्यांची आकृती. कोणी पडलं तर कळतं.

परदेशातली रेकॉर्डिंग्ज मिळतात, पण ती त्यांच्या घरांची. आपल्या घरांची कोणाकडेच नाहीत. आपल्याला स्थिर वाटणारी ट्यूबलाइट या कॅमेऱ्याला सेकंदाला शंभरदा लुकलुकताना दिसते. पंखा म्हणजे वादळ. शिवाय पडदा, पाल, उदबत्तीचा धूर. ही सगळी बडबड गाळून त्यातून माणूस शोधायचा, हे आमचं काम. आम्ही म्हणजे मी, लॅबमधला तेजस आणि एक उसना कॅमेरा. घर कोणाचं मिळणार? आपलं.

अप्पांनी एकच विचारलं होतं, "चेहरा दिसत न्हाय ना? मग लाव." मी कॅमेरा अडकवायला क्लॅम्प आणला होता. त्याला नावं ठेवून त्यांनी बाजूला टाकला आणि टीव्हीच्या वरच्या फळीला ड्रिल मारून स्वतः एक बनवून बसवला. बत्तीस वर्षं कंपनीत फिटर असलेला माणूस, त्याला आमचा मेड-इन-कुठलातरी क्लॅम्प कसा चालणार. मी त्यांना लॅपटॉपवर दाखवलं: हे बघा, हललात की दिसता, थांबलात की जाता. बस, खेळच सुरू झाला. मी लॅबमध्ये असताना खुर्चीत दगडासारखे बसायचे आणि बऱ्याच वेळाने फोन करायचे.

"हाय का मी?"

मी म्हणायचे, नाही.

"गेलो बघ," म्हणायचे आणि हसायचे, आणि हसले की माझ्या पडद्यावर एकदम लाल-निळा जाळ उसळायचा.

खुर्चीच्या डाव्या बाजूला स्टुलावर टेबल फॅन असायचा. त्याने नेटवर्कचं डोकं फिरायचं, म्हणून मी त्याच्याभोवती पडद्यावर एक चौकोन आखला. या चौकोनातलं काही ऐकायचं नाही, असा हुकूम. अप्पा फॅन सारखा इकडचा तिकडे सरकवायचे, म्हणून चौकोन जरा ऐसपैस घेतला. त्यात खुर्चीचा डावा हात आला. तेव्हा त्याने काही बिघडत नव्हतं.

आता २१ सप्टेंबर. आज बरोबर पाच महिने.

मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं होतं की त्या दिवशी कॅमेरा बंद होता.

कॅमेरा चालू होता.

रविवार होता, घटस्थापनेचा आदला दिवस. आई साडेनऊला मंडईत जायला निघाली. परडी, माती, सात धान्यं. माझ्या पेपरची डेडलाइन त्याच संध्याकाळी होती. मी आणि तेजस लॅबमध्ये, घरचं रेकॉर्डिंग समोर चालू, आणि शेवटच्या काही तासांना लेबलं लावायची होती. दर पाच मिनिटांना तीनपैकी एक. व्यक्ती हालचालीत. व्यक्ती स्थिर. खोली रिकामी. आम्ही लावलेलं लेबल आणि नेटवर्कचं उत्तर जुळलं की एक गुण. पडदा काळा असेल तर माणूस स्थिर आहे की नाहीच आहे, हे कसं ठरवायचं? त्यासाठी दार. आपल्या हॉलचं दार पडद्याच्या उजव्या कडेला स्वच्छ दिसतं. कोणी दारातून बाहेर पडताना दिसलं तर खोली रिकामी. दिसलं नाही तर व्यक्ती स्थिर. नियम माझाच. पेपरात माझ्याच शब्दांत छापलाय.

अकरा वाजून आठ मिनिटांनी अप्पा खुर्चीतून अर्धे उठले, परत बसले, आणि पडदा काळा झाला. मला वाटलं, खेळ सुरू. मी फोनची वाट बघितली. फोन आला नाही. वाटलं, आज जिद्दीला पेटलेत. नेटवर्कचं उत्तर येत होतं: रिकामी. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. रिकामी, रिकामी.

तेजस शेजारून म्हणाला, "हे सगळं स्थिर टाकलंस तर आपण पंच्याण्णव टक्क्यांच्या खाली जातो. गेले असतील की फिरायला."

"दारातून गेले नाहीत."

"तुझे वडील आहेत. तुलाच माहीत."

तो चहा आणायला गेला. मी टाकलं. खोली रिकामी. एकदा टाकलं की पुढची टाइप करावी लागत नाहीत, कोपरा धरून खाली ओढली की झालं. बाराला एकदा ओढली. एक वाजता एकदा ओढली.

दादा, ते तिथेच आहेत हे मला माहीत होतं. हे वाक्य लिहायला मला पाच महिने लागले. त्यांना काही होतंय हे माहीत नव्हतं, आईशपथ नव्हतं. पण ते खोलीत आहेत हे माहीत होतं. आणि मी फोन केला नाही. कारण फोन केला असता तर ते हलले असते, पडद्यावर दिसले असते, आणि मग मला सगळा रकाना बदलावा लागला असता.

सव्वाला दारातून आईची आकृती आत आली. दोन्ही हातांत पिशव्या. मग पिशव्या खाली पडल्या. ठिपक्यांमध्ये पिशव्या पडतात ते फार सुंदर दिसतं. मला तेव्हा तेच वाटलं. मग तिचा फोन आला.

अप्पा उठले असतील. मला हाक मारता येत नाही त्यांना, फक्त कॉटच्या दांडीवर वाजवतात. आलेच.

तासाभराने. त्यांना बाल्कनीत बसवलंय. पुढे लिहिते, नाहीतर राहून जाईल.

हॉस्पिटलला पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: शेवटचं नीट कोणी आणि कधी बघितलं? आई म्हणाली, साडेनऊला, मी निघाले तेव्हा चांगले चहा पीत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. घरी दुसरं कोणी? सीसीटीव्ही वगैरे? आईच म्हणाली, हिचा कॅमेरा असतो की.

आणि मी म्हणाले, "आज बंद होता."

का म्हणाले? मी याचं उत्तर बरंच शोधलं. भारी काही सापडलं नाही. चालू होता म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तुला दिसलं कसं नाही? मला तो प्रश्न तिथे, आईसमोर नको होता. बस एवढंच. लॅपटॉप माझ्या पाठीवरच्या बॅगेत होता. त्यात वेळ सेकंदासकट लिहिलेली होती.

डॉक्टरांनी कागदावर साडेनऊ लिहिलं आणि म्हणाले की मग मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येणार नाही, साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, उशीर झाल्यावर दिलं तर डोक्यात रक्तस्राव व्हायची भीती. त्यांचं काही चुकलं नाही. साडेनऊ ते अडीच, पाच तास. त्यांना जी वेळ मिळाली तिच्यावर त्यांनी हिशोब केला. मला त्या गोंधळात त्या वाक्याचा अर्थही लागला नाही. दुसऱ्या दिवशी आयसीयूबाहेर एका ज्युनिअर डॉक्टरने समजावून सांगितलं तेव्हा लागला. अकरा आठ ते अडीच. तीन तास बावीस मिनिटं.

दिलं असतं तर अप्पा आज बोलत असते का? कोणी सांगू शकत नाही. मी नंतर दोन डॉक्टरांना विचारलं, दुसऱ्याच कोणाचं तरी म्हणून. दोघं म्हणाले, काहींना फरक पडतो, काहींना पडत नाही. पण मला तो "काही" हा शब्द झोपू देत नाही.

फाइलमध्ये तो एमआरआय आहे ना, डाव्या बाजूला पांढरा डाग. तो डॉक्टरांनी पेनने दाखवला, हा भाग गेला. मी तीन वर्षं प्रत्येक अर्जात, प्रत्येक पोस्टरवर "मेंदूपासून प्रेरित" असं लिहीत होते. खरा मेंदू मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. अप्पांचा.

पेपर त्याच संध्याकाळी गेला. तेजसने पाठवला, मी आयसीयूबाहेर बसून फोनवर "ओके" केलं. पंच्याण्णव पॉइंट आठ टक्के. डिसेंबरात छापून आला. त्याच्यावरूनच नेदरलँड्सच्या लॅबच्या बाईंनी बोलावलं. इंटरव्ह्यूमध्ये त्यांना आपला टेबल फॅन फार आवडला. मग त्यांनी विचारलं, स्थिर बसलेला माणूस आणि रिकामी खोली यांत तुमचं नेटवर्क फरक कसा करतं? यावर तर जगभर सगळे अडलेत. मी छान उत्तर दिलं. पाच मिनिटं बोलले, मध्ये एकदा सगळे हसलेसुद्धा. लॅपटॉपचा कॅमेरा बंद केला आणि कपाट उघडलं.

त्या दिवसाचं न गाळलेलं रेकॉर्डिंग घरच्या कार्डावर होतं. मी ते दुसऱ्याच दिवशी काढून घेतलं होतं, आई हॉस्पिटलमध्ये असताना, आणि कपाटात स्वेटरांच्या खाली ठेवलं होतं. कधी लावलं नव्हतं. इंटरव्ह्यू झाल्यावर लावलं. चौकोन काढून टाकला. फॅनचे ठिपके एका तालात येतात, त्यामुळे ते ओळखून वेगळे करता येतात. ते केले. मग खाली जे उरलं ते तालात नव्हतं.

डावा हात होता. बोटं. खुर्चीच्या हातावर वर, खाली. थोडं थांबून परत. मग हाताचा पंजा पूर्ण, जेवढा उचलेल तेवढा. बारा पन्नासपर्यंत.

हललं की दिसतं, हे त्यांना माहीत होतं ना. मीच शिकवलं होतं.

मला वाटलं होतं की हे लिहिल्यावर मोकळं वाटेल. नाही वाटत. हात दुखतोय.

आता तुझं. अप्पांना नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तू आईला फोनवर जे बोललास ते. "एक वर्ष परडी आणली नसती तर देव कोपला असता का? एक दिवस घरी बसवत नव्हतं तुला?" फोन स्पीकरवर होता. मी तिच्या शेजारी उभी होते. तू रडत होतास हे मला आवाजावरून कळत होतं, तिलाही कळत होतं. ती म्हणाली, "चुकलं माझं." मी एक वाक्य बोलले असते तर तिला ते म्हणावं लागलं नसतं. मी तिला पाणी आणून दिलं.

पाच महिने ती बाहेर पडत नाही, त्याचं कारण अप्पांची सेवा नाही. तिला वाटतं तिच्यामुळे झालं.

आज संध्याकाळी मी तिला सांगणार आहे. अप्पांसमोर. लिहून ठेवते म्हणजे मागे फिरता येणार नाही.

रविवार, पहाटे साडेपाच.

सांगितलं.

आई मेथी निवडत होती, अप्पा टीव्हीवर कुस्ती बघत होते. मी उभी राहून सगळं सांगितलं, इथे लिहिलंय त्याच क्रमाने, शाळेतल्यासारखं. आईने निवडणं थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "म्हंजे अकरा वाजता."

"अकरा आठ."

"अकराला मी मातीवालीशी घासाघीस करत हुते." तिने पुढची जुडी सोडली. मग, माझ्याकडे न बघता: "मला वाटायचं, मी दाराबाहेर पाऊल टाकलं आन् लगेच झालं. त्यांनी मागनं हाक मारली आसंल, आन् मला लिफ्टच्या आवाजात आली न्हाय. रोज वाटायचं."

तिने मेथी धुतली. भाजी केली. मला वाढलं, भाकरी गरम वाढली, दुसरी हवी का ते विचारलं नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं.

अप्पांना सगळं कळलं. मला वाटलं ते रडतील, किंवा काहीतरी भिरकावतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बरंच बघितलं, आणि मग डावा हात हलवून खूण केली, टीव्हीसमोरून बाजूला हो. मी झाले. त्याचा अर्थ काय ते मला माहीत नाही, आणि मी तो लावणारही नाही. मला लेबल लावायची सवय मोडायचीये.

मग मी मेल लिहिला. वासंती मॅडमना, तेजसला आणि नेदरलँड्सच्या बाईंना, तिघांना एकच. दोन तास सात मिनिटांचं लेबल मी जाणूनबुजून चुकीचं लावलं, खोलीत व्यक्ती होती, ती आजारी होती, आकडा पंच्याण्णव पॉइंट आठ नाही, तो पुन्हा काढावा लागेल आणि तोवर पेपर मागे घ्यावा. तेजस काय म्हणाला होता ते त्यात नाही. माउस माझ्या हातात होता. न गाळलेलं रेकॉर्डिंगही देतेय. त्या बाई म्हणाल्या होत्या ना की यावर सगळे अडलेत, तर त्यावर काम करणाऱ्या कोणाला तरी उपयोग होईल. मला करायला मिळेल असं वाटत नाही. जागेचं तू मनातून काढून टाक. आणि हे ऐकून "तनूने करिअरची माती केली" असं वहिनीला सांगणार असशील तर सांग, चुकीचं नाहीये.

मॅडमचं लगेच उत्तर आलं. एकच ओळ, आठ वाजता लॅबमध्ये या, दोघंही. रविवार असून. त्या चिडल्यात का ते मला कळत नाही, चिडल्या तरी त्या "या" म्हणतात.

तुझी बस साडेसहाला गाडीतळावर येईल. मी सहाची स्वारगेटची पकडतेय. मुद्दाम. मी घरी थांबले तर तू दोनपैकी एक करशील. एक तर ओरडशील, आणि तुझं ओरडून झालं की मला वाटेल फिटलं सगळं. नाहीतर जवळ घेशील, जाऊदे म्हणशील, मेल मागे घेऊ म्हणशील, तुझ्या ओळखीतला कोणीतरी असेलच. मला तुझं दुसरं जास्त सहन होणार नाही. दोन्ही संध्याकाळी कर. मी येणार आहे, पळून जात नाहीये.

आत्ता आईने आतून एवढंच विचारलं, "सार्थकला कोण सांगणार?" मी म्हणाले, लिहिलंय. ती म्हणाली, "मग ठीक हाय," आणि गॅस लावला. पाच महिन्यांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. हे मागितलं असं मी धरतेय.

म्हणून तुझ्याकडे एकच मागते. बाकी माझ्याशी जन्मभर बोलू नकोस हवं तर. सप्टेंबरात तिला जे बोललास ते मागे घे. फोनवर नाही, मेसेजवर नाही, माझ्याकडून निरोपाने नाही. तिच्यासमोर बसून. ती म्हणेल, मला तर आठवत पण न्हाय. तिला शब्द न् शब्द आठवतो. ती म्हणेल, आधी चहा घे. चहा घेऊ नकोस, आधी बोल.

अप्पांची सकाळची गोळी साडेसातला, अर्धी. फाइल नंतर बघ.

आई स्वयंपाकघरात आहे. मी निघाले.

तनुजा